जो बिंदू रेषेवर बसत नाही

आमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोन गोष्टी मिळतात. एक चहा आणि एक नियम. चहा कॅन्टीनचा असतो, नियम आमच्या गाइडचा, हरदास सरांचा.

"जो बिंदू रेषेवर बसत नाही, तो आपला नाही. कापायचा. आणि काहून म्हणून विचारायचं नाही."

मला हा नियम मिळाला तेव्हा 'काहून?' माझ्या जिभेवर आलंच होतं. शेजारी बसलेल्या अंकिता दीदीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ती माझी सीनिअर. नंतर म्हणाली, "रेवा, इथं फक्त तारे गरम असायला पाहिजेत. तू थंड घे."

आमचं काम असं आहे की वर्षभर आकाशाला कान लावून बसा, तेव्हा कुठं संशोधनाच्या पेपरात चार ओळी येतात. किस्से मात्र न मागता जमतात. डेटाची हार्ड डिस्क भरली की आम्ही जुनं काही तरी पुसतो. किस्से कोणी पुसत नाही, म्हणून ते साचत जातात. चहाच्या वेळेला कोणी तरी "अरे, ते कुंडमचं सांग ना" म्हणतं आणि मग त्या दिवशी काम होत नाही.

आधी आम्ही करतो काय ते सांगते, कारण आमच्या जबलपुरातल्या गोरखपुर मार्केटमधल्या भाजीवाल्या भैयापासून माझ्या सख्ख्या मामीपर्यंत सगळे हेच विचारतात. मोठा तारा जन्मला की तो गप्प बसत नाही. त्याच्या जहाल प्रकाशानं आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटून पळतात. ते मोकाट इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या जवळून वळणं घेत धावतात आणि धावता धावता रेडिओ लहरी सोडतात. तारा स्वतः धुळीत बुडालेला असतो, साध्या दुर्बिणीला दिसत नाही. पण रेडिओ लहरींना धूळ अडवू शकत नाही. म्हणजे जन्मलेलं बाळ दिसत नाही, पण त्यानं घरात घातलेला गोंधळ बाहेर ऐकू येतो. तो गोंधळ ऐकणं हे आमचं काम. मला अजूनही हे सांगताना अंगावर काटा येतो, आणि आई म्हणते, "जेवताना हातवारे करू नको."

आता ती रेषा. वरच्या फ्रीक्वेन्सीवर असा ढग जवळपास एकसारखा उजळ दिसतो. खालच्या फ्रीक्वेन्सीकडे आलं की ढग स्वतःचाच उजेड गिळायला लागतो आणि मंद होतो. आलेखावर ती रेषा घसरगुंडीसारखी खाली येते. पुस्तकात तशी आहे, सरांच्या पीएचडीत तशी आहे. म्हणजे सगळ्यात खालच्या फ्रीक्वेन्सीचा बिंदू खालीच हवा.

माझा वर आला.

त्या एका बिंदूवर माझं वर्ष अडकलं. दरवर्षी कमिटीसमोर काम दाखवावं लागतं. कमिटीला वाटलं की या मुलीला मोजता येत नाही, तर फेलोशिप पुढं सरकत नाही. पण ते शेवटी. आधी ही माणसं तुम्हाला कळायला हवीत.

*

कुंडमचं.

बीएस्सीच्या मुलांना शिकवायला आम्ही एक हॉर्न अँटेना बनवला होता. प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दिसायला राक्षसाच्या घरचं नरसाळं. आपल्या आकाशगंगेतला साधा हायड्रोजन त्यात ऐकू येतो. पण शहरात मोबाइलचे टॉवर इतके, की हायड्रोजनऐवजी सगळा मोहल्लाच ऐकू येतो. म्हणून सर म्हणाले, कुंडमकडे जंगलात जाऊ.

सरांची गाडी, मागे दोरीनं बांधलेलं नरसाळं, पुढे सर आणि दुबे जी, मागच्या सीटवर आम्ही दोघी. दुबे जी म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचे दुसरे ज्येष्ठ. सरांसोबतच नोकरीला लागले, सरांसोबतच म्हातारे झाले. सर बोलतात मराठी, दुबे जी उत्तर देतात हिंदीत, आणि दोघांना वाटतं की आपण एकच भाषा बोलतोय.

वनखात्याच्या नाक्यावर गार्डनं गाडी थांबवली. नरसाळ्यात वाकून बघितलं. हाक मारून बघितली. आवाज घुमला तसा तो आणखी सावध झाला.

"इसमें क्या ले जाते हो?"

"हाइड्रोजन पकड़ते हैं, भैया," दुबे जी म्हणाले.

"जंगल का?"

"नहीं नहीं. ऊपर से आता है."

"ऊपर से मतलब? भोपाल से?"

आता सरांना राहवेना. त्यांनी काच खाली केली आणि क्लासमध्ये बोलतात त्या आवाजात म्हणाले, "भोपाल से भी बहुत ऊपर से."

गार्ड दोन पावलं मागे सरला. बांबू वर केला आणि सलाम ठोकला. "दिल्ली का काम है तो पहले बोलना था, साहब."

पुढं एका माळावर नरसाळं उभं केलं. अशी शांतता मी रिसीव्हरवर कधी पाहिली नव्हती. पण त्या शांततेत काही तरी टकटक करून राहिलं होतं. नेमानं. अंकिता दीदीचे डोळे मोठे झाले. माझे तर त्याहून मोठे. सर पाहिल्या पाहिल्या म्हणाले, "बाहेरचा आवाज आहे. तेवढा भाग कापा."

तेवढा भाग कापला. तरी टकटक. आणखी कापा. दुपार सरत आली, कापून कापून आमच्या हाती चिंध्या राहिल्या. मी गाडीभोवती एक चक्कर मारली. सरांच्या डॅशबोर्डवर लुकलुकणारा गणपती बसवलेला होता, लाल, हिरवा, लाल, हिरवा. टकटक अगदी त्याच तालात.

सांगणार कोण? अंकिता दीदी बूट झाडायला लागली. दुबे जी हात जोडून गाडीत वाकले, "प्रभु, दस मिनट आँख मूँद लीजिए, विज्ञान का काम है."

प्रभूंनी ऐकलं नाही. मी प्लग काढला. हायड्रोजन असा सुरेख वर आला, जसा काही तो याचीच वाट पाहत होता.

सर घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवशी एक कळलं. आमच्याकडे दिवसभराचा डेटा कापणं सोपं आहे, एक दिवा बंद करणं अवघड.

*

कापण्यावरून अंकिता दीदीचं आठवलं. तिनं स्वतःच सांगायची परवानगी दिली आहे.

मोठ्या दुर्बिणीचा डेटा आला की त्यातला खराब भाग झाकावा लागतो. कुठं विमान गेलं, कुठं टॉवर बोलला. आमच्या भाषेत याला कापणं म्हणतात, पण खरं तर काही नष्ट होत नाही. फक्त त्यावर खूण केली जाते: हे मोजू नका. नवीन माणसाला वाटतं, जितकं जास्त कापू तितकं स्वच्छ.

दीदीच्या हाती असा डेटा पहिल्यांदाच आला होता. सरांचा नियम तिनं मनावर घेतला. जे जरा डोकं वर काढेल ते कापलं. आठवडाभर कापलं. मग डिपार्टमेंटच्या लॅपटॉपवर इमेज दाखवायला सगळ्यांना बोलावलं. या लॅपटॉपची एक खोड आहे, मिनिटभर कोणी माउस हलवला नाही की तो झोपी जातो. सेटिंगला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड ज्याला माहीत होता तो रिटायर झाला. म्हणून कोणीही काहीही दाखवत असलं तरी सर मधूनच ओरडतात, "अंकिता, माउस."

तर इमेज आली. गुळगुळीत, एकसारखी, डाग नाही, रेघ नाही. सरांनी चष्मा वर केला, जवळ गेले.

"इतकी स्वच्छ इमेज मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही," ते म्हणाले. "रेवा, हे बघ. याला म्हणतात शिस्त."

दुबे जींनी पण पाहिली. बराच वेळ पाहिली.

"क्लीन तो बहुत है, हरदास जी," ते म्हणाले. "बस, तारा किधर गया?"

*

दुबे जींची नजर अशी तिखट असते, पण पोटाच्या वाटेनं चालते. या ढगांना आकड्यांची लांबलचक नावं असतात, ती कोणाच्या तोंडी बसत नाहीत. म्हणून कोणताही ढग स्क्रीनवर आला की दुबे जी त्याचं बारसं करतात. एक कचौडी आहे. एक टूटा हुआ पापड आहे. एकाच भागात मुगाच्या भज्यांसारखे दोन गोल, खडबडीत ढग सापडले, त्यांची नावं पडली मंगोड़ा-वन आणि मंगोड़ा-टू.

दीदीचा पहिला पेपर लिहिताना घाईत एका तक्त्यात मंगोड़ा-टूचं 'एमजी-टू' तसंच राहून गेलं. पेपर तपासणाऱ्यानं परदेशातून विचारलं, हा एमजी कॅटलॉग कोणता? कृपया संदर्भ द्यावा.

दीदी रडायच्या बेतात. सर शांतपणे खुर्चीत बसले आणि उत्तर सांगितलं, मी टाइप केलं: 'एमजी हे आमच्या गटातलं, ढगांच्या बाह्य आकारावर आधारलेलं वर्गीकरण आहे.'

त्याचं समाधान झालं. पेपर छापून आला. मी सरांवर कितीही चिडत असले तरी एवढं कबूल करते, तो माणूस त्या दिवशी मला फार आवडला.

*

आमच्या घरी अशी मंडळी नाहीत असं समजू नका. बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाले तरी इन्स्पेक्शन सुटलेलं नाही. पोळी ताटात पडली की आधी कडा बघतात.

मी एकदा जेवताना सरांचा नियम सांगितला. वाटलं, माझ्या बाजूनं बोलतील.

"बरोबरच आहे," बाबा म्हणाले. "पीस गेजच्या मापात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. त्यात विचारायचं काय?"

"आणि गेजच चुकीचा असेल तर?"

"गेज काहून चुकेल?"

"बाबा, समजा. रोज एकच प्रकारचा पीस रिजेक्ट होऊन राहिला. मग गेज कोण तपासतं?"

"गेज वरून येतो."

"वरून म्हणजे?"

बाबांनी पोळीचा घास मोडला. "वरून म्हणजे वरून."

मला एकदम तो नाक्यावरचा गार्ड आठवला. मी इतकी हसले की भाजी नाकात गेली. आई म्हणाली, "बापाला हसतेस?" मी म्हटलं, "नाही गं, सगळ्यांच्याच बापाला हसते."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आधी गेज तपासायचा.

*

आणि गेज तपासायची वेळ आली ती संक्रांतीला.

मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागावा लागतो. मिळाला तर आपलं नशीब. दिवस दुर्बीणवाल्यांचा, घडीही त्यांचीच. आम्हाला मिळाला संक्रांतीच्या दुपारी. रेडिओचं हे बरं असतं, सूर्य डोक्यावर असला तरी चालतं. आम्ही जबलपुरात लॅबमध्ये बसून कॉलवर बोलायचं, तिकडे ऑपरेटर दुर्बीण वळवणार. बोलणार अर्थात सर.

सर सकाळी त्यांच्या आईंना घेऊन तिलवाऱ्याला गेले होते, नर्मदेत डुबकी मारायला. संक्रांतीला तिलवाऱ्याला मेळा असतो हे जबलपुरात कुत्र्यालाही माहीत आहे. सरांचं म्हणणं, लवकर जाऊन लवकर येऊ. वेळ सुरू व्हायच्या थोडं आधी फोन आला. मागून पिपाण्या, भोंगे, कोणाचं तरी हरवलेलं पोर माइकवर.

"रेवा, पुलावर अडकलोय. गाडी हलून नाही राहिली. मी येईपर्यंत कशाला हात लावू नको."

"सर, दुर्बीण थांबणार नाही."

"त्यांना म्हण पाच मिनिटं."

"सर, आकाश फिरतंय. कोणाला म्हणू?"

फोन तुटला. दीदी बाथरूमला जाते म्हणाली ती आलीच नाही. कॉलवर ऑपरेटर विचारत होता, सुरू करायचं का.

आता, ढग बघण्याआधी दुर्बीण एखाद्या अशा स्रोताकडे वळवतात ज्याचा उजेड आधीपासून पक्का ठाऊक आहे. ती आमची मापपट्टी, आमचा गेज. सरांच्या योजनेत एकच होता, वर्षानुवर्षं तोच. मी म्हटलं, "सुरू करा. आणि आणखी एक गेज लावा. वेगळा."

"वेळ तुमच्याच स्लॉटमधून जाईल, मॅम."

आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी कामावर मॅम म्हणालं. "जाऊ द्या," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. तिकडे दुर्बिणीचे ते अजस्र अँटेना माझ्या एका शब्दावर मान वळवत होते.

सर पोचले तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. ओले केस, कपाळाला गंध, हातात तिळगुळाचा डबा.

"तिळगुळ घे, गोड बोल. काय केलंस?"

"दोन गेज लावले, सर."

तिळगुळ हवेतच राहिला. "एक असताना दुसरा काहून?"

मी मनात नोंद केली की नियम फक्त आम्हाला आहे.

*

मग कित्येक आठवडे डेटाशी झटापट. आणि एका दुपारी माझा ढग स्क्रीनवर उगवला.

मी किंचाळले. खोटं कशाला सांगू, किंचाळले. शेजारच्या केमिस्ट्री लॅबमधून मुलं धावत आली, त्यांना वाटलं शॉक लागला. मध्ये काळोखी पोकळी, भोवती गुंडाळलेलं जाड, असमान कडं, एका बाजूला फुटून वाहिल्यासारखं. हजारो वर्षांपूर्वी तिथून निघालेली ती कुजबुज, आणि माझ्या टेबलावर तिचं चित्र.

दुबे जी आले, बघितलं, आवंढा गिळला. "खोवा जलेबी. गरमागरम."

त्या संध्याकाळी त्यांनी खरंच सगळ्यांना खोवा जलेबी खिलवली.

दुसऱ्या दिवशी मी आलेख काढला. वरचे बिंदू रेषेवर. मधले रेषेवर. शेवटचा, सगळ्यात खालच्या फ्रीक्वेन्सीचा, रेषेला सोडून वर. सरांनी बघितलं, प्रेमानं माझ्या खांद्यावर थोपटलं.

"खूप छान काम आहे, बेटा. हा शेवटचा काप."

"सर, हा खरा असू शकतो."

"खालच्या फ्रीक्वेन्सीवर बाहेरचा आवाज फार असतो. मी इतकी वर्षं करून राहिलो हे."

"दोन्ही गेज जुळतात, सर. आणि याच इमेजमध्ये शेजारी लांबच्या आकाशगंगा आहेत, त्यांचा उजेड अगदी जितका हवा तितकाच येतो. मोजण्यात चूक असती तर त्या पण चुकल्या असत्या. फक्त जलेबीचा एक काठ जास्त उजळ आहे. तिथं ताऱ्यातून निघालेला झोत बाहेरच्या गॅसवर आपटत असेल, तर इलेक्ट्रॉन..."

"रेवा." सरांचा आवाज मऊ होता. तोच जास्त चीड आणतो. "कमिटीत बाहेरून प्रोफेसर येणार आहेत. ते म्हणतील, या मुलीला डेटा कापता येत नाही. तुझं वर्ष जाईल. मी तुझ्या भल्याचंच सांगतो."

माझ्या आयुष्यात ज्यांनी ज्यांनी मला अडवलं, त्यांनी सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच अडवलं आहे.

त्या रविवारी दीदी आमच्या घरी आली. मी तिला विचारलं, "तू तुझ्या मंगोड़्यांचा शेवटचा बिंदू कापला होतास?"

"सगळेच कापतात."

"खूण काढून बघू या?"

आधी ती नाही म्हणाली. मग तिनंच लॅपटॉप उघडला. कापलेलं कुठं जात नाही, फक्त झाकलेलं असतं. मंगोड़ा-वनचा बिंदू खालीच होता, मुकाट, नियमाप्रमाणे. मंगोड़ा-टूचा वर. एकाच काठावर वर. दीदीनं पोह्यांची ताटली बाजूला ठेवली.

"आणखी जुना बघू?" ती म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता. दुर्बिणीच्या जुन्या संग्रहातून आम्ही कच्चा डेटा उतरवला. तो ढग आमच्या गटाचा पहिला होता, ज्याच्यापासून ती रेषा आणि तो नियम सुरू झाला. सरांच्या पीएचडीतला ढग. त्यांनी तिथं एकच वाक्य लिहिलं आहे: खालच्या फ्रीक्वेन्सीचा डेटा बाहेरच्या आवाजामुळे वगळला.

आम्ही खूण काढली. मोजलं. मग दीदीनं पुन्हा एकदा मोजलं. आतून आई विचारत होती, चहा ठेवू का.

*

आता शेवटचा.

कमिटीचा दिवस. समोर सर, दुबे जी, आणि बाहेरून आलेले पाहुणे प्रोफेसर, पांढरे केस, फार कमी बोलणारे. मागे समोशांच्या प्लेट. प्रोजेक्टरचा पडदा फाटलेला, म्हणून चित्र सरळ पांढऱ्या बोर्डावर पडतं. लॅपटॉपपाशी अंकिता दीदी, माउस हलवायला.

माझ्या स्लाइड्स नियमाप्रमाणे आदल्या दिवशी सरांकडून तपासून आल्या होत्या. मी जोशात बोलत होते. तारा, ढग, जलेबी (हे नाव तोंडून निघालंच, पाहुणे हसले). मग म्हटलं, "आणि आता मुख्य गोष्ट." दीदीनं पुढची स्लाइड आणली.

माझा आलेख होता. माझी रेषा होती. शेवटचा बिंदू नव्हता.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी हळूच मान हलवली, जसं आपण स्टेजवर ओळ विसरलेल्या लेकराला धीर देतो. चल, पुढं चल.

"ही माझी स्लाइड नाही," मी म्हटलं.

"रेवा, आपण नंतर बोलू."

"नाही सर. आत्ताच." मी बोर्डावरचा काळा मार्कर उचलला. पांढऱ्या बोर्डावर प्रोजेक्टरनं रेषा पाडली होतीच. ती जिथं संपत होती तिथं, तिच्या बरीच वर, मी एक ठसठशीत बिंदू काढला. "हा माझा. दोन गेजनं मोजलेला. शेजारच्या आकाशगंगा जागच्या जागी आहेत, हा एकच वर आहे."

पाहुणे प्रोफेसर पुढं सरकून बसले. "और किसी क्लाउड में ऐसा मिला है?"

"एकात नाही मिळालं. दोनात मिळालं. त्यातला एक दीदीचा." मी थांबले. सर माझ्याकडे बघत होते आणि मला वाटतं, त्यांना कळलं होतं. "दुसऱ्याचा उजेड याच मापावर आणला तर तो इथं येतो."

माझ्या बिंदूच्या अगदी जवळ मी दुसरा बिंदू काढला.

"कौन सा है ये?" पाहुण्यांनी विचारलं.

"हा तुमचा, सर," मी हरदास सरांना म्हटलं. "तुमच्या पीएचडीतला. तेव्हापासून आहे."

सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज अजून मऊच होता. "रेवा, पुसून टाक. नियम माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पुसत नाही."

"मी सांगतोय, पूस."

"काहून?"

दुबे जींचा हात समोशासकट तोंडाजवळ थांबला. दोन्ही बिंदूंकडे बघून त्यांना कशाचीच आठवण झाली नाही, ना कचौडीची, ना पापडाची. पाहुण्यांनी चष्मा काढला आणि तसाच हातात धरला. सरांनी बोर्डाकडे बघितलं. पंखा फिरत होता. अंकिता दीदी टक लावून बोर्डाकडे बघत होती, आणि आज कोणी "माउस" म्हणालं नाही.

लॅपटॉप झोपला. रेषा गेली. पांढऱ्या बोर्डावर दोनच बिंदू राहिले.